सहा क्रेडिट आणि सातची जपमाळ

फॉर्मवर प्रश्न होता, ‘परकीय भाषा कोणती?’ माझ्या मुलीने यादी खाली सरकवत नेली आणि माल्टीजच्या खाली, मंगोलियनच्या वर मराठी सापडली तिथे बोट ठेवलं.

मी म्हणालो, “बाय, मराठी परकीय कशी? घरात आपण काय बोलतो?”

“यू स्पीक मराठी, पप्पा,” ती म्हणाली. “आय लिसन.”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “बरोबर बोलतेय ती. टिक करा आणि जेवायला या.”

मी टिक करू दिली नाही. सही मुलीची लागणार होती, माझी नाही, हे खरं. पण घरातून चुकीची माहिती बाहेर गेली तर घराला शोभत नाही. जेवण झाल्यावर मी विद्यापीठाचे नियम उघडले. बारा पानं होती. नवव्या पानावर व्याख्या सापडली: ज्या भाषेतून किंवा ज्या भाषेचं विद्यार्थ्याने शाळेत शिक्षण घेतलेलं नाही, आणि जी विद्यापीठाची शिकवण्याची भाषा नाही, ती परकीय. म्हणजे माझ्या मुलीला मराठी परकीय होती, हे कागदोपत्री सिद्ध झालं. नियमात बसतंय म्हटल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

ही वेळ कोणामुळे आली ते आधी सांगतो. माझ्यामुळे.

मुलगी इथे आखातातच जन्मली, इथेच वाढली. आहारशास्त्र शिकत होती, अमेरिकन पद्धतीच्या विद्यापीठात. तिथे डिग्री वर्षांवर मोजत नाहीत, क्रेडिटवर मोजतात. एकशे वीस क्रेडिट भरले की डिग्री. मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. इमारतीला किती घनमीटर काँक्रीट लागेल, किती चौरस मीटर टाइल लागतील, हे मोजण्यात माझी चोवीस वर्षं गेली. एकशे वीस हा आकडा ऐकूनच मला बरं वाटलं होतं. पहिल्या वर्षीच मी तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला. विषय पूर्ण झाला की चौकोन हिरवा करायचा. त्यात ‘परकीय भाषा, सहा क्रेडिट’ हा चौकोन मी पहिल्याच दिवशी हिरवा करून टाकला, कारण मुलगी शाळेत दहावीपर्यंत अरबी शिकली होती. ती तेव्हा म्हणाली होती, “पप्पा, आय थिंक वी शुड चेक.” मी म्हणालो, “मी चेक केलंय.”

केलं नव्हतं. कामाच्या ठिकाणी मी असं वाक्य कधी फुकट बोललेलो नाही. बोललो ते नेमकं घरात.

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाची मेल आली. एकशे चौदा भरतील, सहा कमी पडतील. शाळेत ज्या भाषेचे मार्क घेतले तिचे पुन्हा क्रेडिट मिळत नाहीत. अरबी गेली, तिच्यापाठोपाठ हिंदीही गेली. नवी भाषा वर्गात बसून शिकायची तर एकामागून एक दोन वर्ग, म्हणजे आणखी दोन सत्रं. आणि इकडे मुलीला अल ऐन शहरातल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञाची उमेदवारी मिळालेली, जानेवारीपासून. त्या जागेसाठी तिने दोन मुलाखती आणि एक लेखी परीक्षा दिली होती. अट एकच होती, डिसेंबर संपायच्या आत डिग्री पूर्ण झाल्याचं पत्र. पत्र नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

मुलगी रडली नाही. फ्रिजसमोर उभी राहिली, तो हिरवा चौकोन नखाने जरासा खरवडला आणि म्हणाली, “नाइस कलर, पप्पा.”

त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

वाट एकच उरली होती, भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. बाहेरची एक संस्था ती घेते, घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर. वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग. चारही भागांत ठरलेली पातळी गाठली तर विद्यापीठ सहा क्रेडिट एकदम देतं. यादीत मराठी होती, एवढं आमचं नशीब. परीक्षेची फी ऐकून बायकोने दिरहमचे रुपये केले आणि म्हणाली, “एवढ्यात गावाला शिकवणीची बाई सहा महिने येईल.” पण सहा महिने कुठे होते? आठ आठवडे होते.

कुठलंही काम मोजणीपासून सुरू करायचं ही माझी पद्धत. मुलीची परवानगी घेऊन मी एके दिवशी जेवताना दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि नंतर ऐकून शब्द मोजले. मुलीचे शब्द दोनशे चौदा. त्यातले मराठी एकतीस. त्या एकतिसांत ‘नको’ नऊ वेळा आणि ‘बस’ सहा वेळा. ‘यल्ला’ आणि ‘खलास’ हे अरबी शब्दही मराठीत धरावेत असा तिचा आग्रह होता; मी धरले नाहीत.

“तुमचेही मोजा की,” बायको म्हणाली.

मोजले. माझे शब्द तीनशे नव्वद, त्यातले एकशे बेचाळीस इंग्रजी. ड्रॉइंग, रिव्हिजन, कन्सल्टंट, अप्रूव्हल, साइट विझिट. बायकोने कागद हातात घेऊन वाचला. “हे मराठी आहे की टेंडर?” तिने विचारलं.

तरी माझ्या हिशेबात एक मोठी जमेची बाजू होती. आम्ही वसईकडचे कॅथलिक. इथल्या चर्चमध्ये ठरावीक रविवारी मराठी मिस्सा असते आणि मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून तिथे बायबलचं वाचन करते. हिंदीमुळे अक्षरओळख होतीच. एकदा का पुस्तक हातात घेऊन उभी राहिली की ‘अंतःकरण’, ‘अनुग्रह’, ‘तारणहार’ असे शब्द ती न अडखळता म्हणते. शिवाय घरात रोज जपमाळ होते. माझी आई वसईला असते, एकोणऐंशी वर्षांची. तिकडचे साडेआठ म्हणजे इकडचे सात. बरोबर सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि ती जपमाळ सुरू करते, एकामागून एक पाच रहस्यं. पूर्वी एखाद्या दिवशी आम्हाला फोन उचलायला उशीर व्हायचा आणि तिसऱ्या रिंगला आई घाबरायची. एकदा तर आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तेवढ्यात तिने शेजारच्या दोन घरांत कळवलं आणि आम्ही घरी पोचेपर्यंत गावात आमच्यासाठी प्रार्थना सुरूही झाली होती. त्यानंतर मी एक स्वस्तातला टॅब घेतला, त्यात पहिल्या रिंगलाच फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय केली, आवाज पूर्ण मोठा ठेवला, आणि तो बैठकीच्या खोलीतल्या अल्तारावर उभा केला. अल्तार म्हणजे भिंतीवरची छोटी फळी. तिच्यावर येशूची मूर्ती, दिवा, प्लास्टिकची फुलं आणि टॅब. सात वाजले की त्या फळीवरून आईचा आवाज येतो. मुलगी अभ्यासातून उठून बाहेर येते, बायको गॅस बारीक करते, आणि मी बहुतेक वेळा ऑफिसातून येणाऱ्या रस्त्यावर असतो.

तेव्हा मुलीकडे मराठी भरपूर होती, असा माझा अंदाज. फक्त चर्चमधून उचलून बाजारात आणायची होती. रोज चाळीस मिनिटं सरावाची ठरवली.

तीन आठवड्यांनी मी तिची तोंडी चाचणी घ्यायला शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका पुणेकर मित्राला बोलावलं. परीक्षेत बोलण्याच्या भागात एक प्रसंग देतात आणि त्यावर बोलायला सांगतात. मित्राने चहा घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “हं. मी दुकानदार. तू परवा माझ्याकडून फ्रिज नेलास आणि तो बंद पडला. आता तक्रार कर.”

मुलगी ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. “हे दुकानदार काका,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “आमची विनंती ऐकून घ्या. आम्ही विश्वासाने आपल्याकडे आलो. आमच्या घरातील अन्न नाश पावत आहे. आमच्यावर दया करा आणि आम्हाला नवीन फ्रिज प्रदान करा.”

मित्राने कप खाली ठेवला. “बाळ,” तो म्हणाला, “फ्रिज बिघडलाय. प्रलय आलेला नाही.”

“अंकल, वॉज इट राँग?”

“राँग काहीच नाही. पण मी दुकानदार असतो तर पैसेही परत दिले असते आणि गुडघेही टेकले असते.” मग माझ्याकडे वळला. “साहेब, तुम्ही कधी भांडायला शिकवलं नाहीत का हिला?”

“आमच्याकडे शांततेत बोलतात,” मी म्हणालो.

“ते दिसतंय. आणि तुम्ही मघाशी काय म्हणालात? ‘चहा घेऊन जरा रिलॅक्स व्हा, मग आपण प्रोसीड करू.’ हिला नापास करायला परीक्षक कशाला हवा?”

बायको इतकी हसली की तिला आत जावं लागलं. मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

परीक्षा नोव्हेंबरच्या एका शनिवारी होती. वेळ मिळाली ती संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. समोर कुठल्यातरी देशात बसलेला एक पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून पाहणार होता. नियम स्पष्ट होते. खोलीत दुसरं माणूस नको, दुसऱ्याचा आवाज नको, परीक्षेच्या भाषेतला कागद दिसता कामा नये, खुर्ची सोडायची नाही. मी नियमांची प्रत काढून एकेका ओळीवर खूण करत घर तयार केलं. मुलीच्या खोलीतलं गावच्या चर्चचं मराठी कॅलेंडर काढलं. दारावरची ‘प्रभू या घराला आशीर्वाद देवो’ ही विणलेली चौकट काढून पलंगाखाली ठेवली. मसाल्याच्या डब्यांवर बायकोने चिकटवलेल्या ‘धणे’, ‘जिरं’ अशा चिठ्ठ्यासुद्धा उलट्या फिरवल्या. स्वयंपाकघर कॅमेऱ्यात येणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी.

“धणे बघून कॉपी करणार आहे का ती?” बायकोने विचारलं.

“प्रश्न तो नाही,” मी म्हणालो.

आदल्या दिवशी आईला सांगून ठेवलं होतं, “उद्या सातला फोन करू नको. बायची परीक्षा आहे.” आई म्हणाली, “बरं बाबा.” घरातले तिन्ही फोन, जुना लॅपटॉप आणि माझं घड्याळसुद्धा मी पिशवीत भरलं. पाच वाजून दहा मिनिटांनी मी आणि बायको खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो. नोव्हेंबर असल्यामुळे काचा उघड्या ठेवता आल्या. बायकोने घरून वाटाणे आणले होते, ते सोलत बसली.

सात वाजून सहा मिनिटांनी मुलगी खाली आली. पायात चपला नव्हत्या.

“दे स्टॉप्ड इट,” ती म्हणाली.

आईने ‘बरं बाबा’ म्हटलं होतं ते खरं होतं. पण नातीची परीक्षा म्हटल्यावर जपमाळ चुकवायची की जास्त मन लावून करायची? तिने तिच्या समजुतीप्रमाणे केलं. आणि मी घरातलं प्रत्येक यंत्र मोजून पिशवीत भरलं होतं, फक्त अल्तारावरचा टॅब मला यंत्रात दिसलाच नाही. इतकी वर्षं तो मूर्तीच्या शेजारी उभा होता. माझ्या लेखी तो मूर्तीचाच भाऊ होता. पहिल्या रिंगला त्याने स्वतःहून फोन उचलला, मी शिकवलं होतं तसा.

बायकोने वाटाण्यांची पिशवी बांधली. “पहिल्यांदा चौकोन, आता टॅब,” ती म्हणाली. “तुमच्या नीटनेटकेपणाने पोरीची डिग्री जायची.”

मुलगी मागच्या सीटवर बसून अनवाणी पाय पुसत होती. “इट्स ओके, पप्पा,” ती म्हणाली. ते ओके नव्हतं. परीक्षा रद्द झाली तर नवी तारीख जानेवारीत मिळणार होती, आणि जानेवारीत अल ऐनला दुसरी मुलगी रुजू झालेली असणार होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेची मेल आली. नियमभंग दोन. एक, खोलीबाहेरून दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. दोन, उमेदवार त्रेचाळीस सेकंद खुर्चीवर नव्हता. अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा द्यावा. सोबत त्या वेळचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. आम्ही तिघांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून ते ऐकलं.

आधी मुलीचा चर्चमधला आवाज होता, ती कुठल्यातरी सहलीबद्दल काहीतरी पवित्र सांगत होती. मग बाहेरून आईचा, फळीवरून येणारा: “काय गं बाय, एवढा काळोख का? माणसं कुठे गेली सगळी?” खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग लांबून, पण स्पष्ट, माझी मुलगी:

“आजी, अगं थांब, थांब! मी परीक्षेला बसलेय. नाही गं, घरात कोणी नाही, दोघं खाली गाडीत बसलीत. भांडलेबिंडले नाहीत, पप्पांनीच स्वतःला बाहेर काढलंय. हसू नको. हे बघ, तू सुरुवात कर, शेवटच्या रहस्याला मी आलेच. आणि गुडघ्यावर बसू नको, खुर्ची घे. गोळी घेतलीस? कधी घेतलीस? खोटं बोलू नकोस, पाकीट दाखव मला. हे काय, भरलेलंच आहे! आधी पाणी आण. मी उभी आहे इथे, जा.”

पुन्हा खुर्ची. आणि पर्यवेक्षकाचा शांत आवाज: “मॅडम, हू इज इन द हाउस?”

“माय ग्रँडमदर.”

“व्हेअर इज शी?”

“वसई.”

“प्लीज शो मी वसई विथ युअर कॅमेरा.”

इथे पदर नसल्यामुळे बायकोने टेबलावरचा नॅपकिन तोंडावर धरला. मी मात्र रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं.

“मोजताय?” बायकोने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. मोजतही होतो. त्रेचाळीस सेकंद, इंग्रजी शब्द शून्य.

मी मुलीला विचारलं, “बाय, तू अशी बोलतेस?”

“विथ आजी, यस.”

“रोज?”

“आफ्टर द रोझरी. यू आर स्टिल ऑन द हायवे.”

“मग माझ्याशी का नाही बोलत?”

ती थोडी विचारात पडली. म्हणजे खरोखर कारण शोधत होती. “पप्पा, यू ऑलवेज स्टार्ट विथ ‘सो बेसिकली’. आजी स्टार्ट्स विथ ‘जेवलीस का?’”

खुलासा लिहायला मी बसलो. तीन पानं झाली. त्यात घराचा नकाशा होता, टॅबपासून मुलीच्या खुर्चीपर्यंतचं अंतर सहा मीटर चाळीस सेंटिमीटर, दरवाजे दोन, त्यांपैकी एक पाच सेंटिमीटर उघडा. कॅलेंडर आणि चौकट किती वाजता काढली तेही होतं. आजीने परीक्षेसंबंधी कोणतीही मदत केलेली नाही, उलट उमेदवारानेच आजीला मदत केली, हे वेगळ्या परिच्छेदात होतं. शेवटी मी असंही लिहिलं की मसाल्याच्या एका डब्याची चिठ्ठी फिरवायची राहून गेली होती.

मुलीने वाचलं. “पप्पा, धिस इज नॉट कन्फेशन,” ती म्हणाली आणि चार ओळींत संपवलं. नकाशा तेवढा जोडू दिला. तिच्या मते पर्यवेक्षकाला वसई कुठे आहे हे कळायला हवं होतं.

सहा दिवसांनी उत्तर आलं. खुलासा मान्य. वाचन, ऐकणं आणि लेखन हे भाग वैध. बोलण्याचा भाग बाद, तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा पुन्हा द्यावा. एकदाच.

पुणेकर मित्राने पुन्हा यायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो आणि त्याला कारणही खरं तेच सांगितलं, की परीक्षक बदललाय. आता रोज जपमाळ संपली की मुलगी टॅबसमोर खुर्ची घेऊन बसायची. मीही ऑफिसातून अर्धा तास लवकर निघू लागलो. पहिल्या दिवशी तिने आईला समजावलं, “आजी, तू दुकानदार आहेस. मी तुझ्याकडून फ्रिज घेतला आणि तो बिघडला.”

“कधी घेतलास?” आईने विचारलं.

“परवा.”

“आणि मला आज सांगतेस? बापाला सांगितलंस का?”

“आजी, खरा नाही घेतला. तू दुकानदार आहेस असं धर.”

“मी कशाला दुकानदार असेन? ते लुच्चे असतात. कोणत्या दुकानातून आणलास ते सांग, मी बोलते त्याच्याशी.”

“तू काय बोलशील?”

मग आई काय बोलेल ते आईने तीन मिनिटं सांगितलं. मी सगळं इथे लिहीत नाही. मुलीने मात्र वहीत उतरवून घेतलं. चौथ्या दिवसापासून आईला खेळ समजला, आणि समजल्यावर ती इतकी कडक दुकानदार झाली की मुलीला एकदाही फ्रिज बदलून मिळाला नाही. “पावती दाखव,” आई म्हणायची. “पावती नाही? मग चल, निघ.” मुलगी लाल व्हायची, हात उडवायची, “काय निघ? माझ्या घरातलं मटण नासलं त्याचं काय?” म्हणायची. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “शाबास!”

मी मध्ये एकदा म्हणालो, “सो बेसिकली, पावतीचा मुद्दा...” आणि दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दिवाबत्ती तपासायला गेलो.

दुसऱ्या वेळी वेळ मिळाली दुपारी चारची, तरी मी टॅब आधी गाडीत नेला. मी, बायको आणि टॅब, तिघं पार्किंगमध्ये. चारला एक मिनिट कमी असताना टॅब वाजला आणि त्याने फोन उचलला. आईने वेळ बदललेली पाहून जपमाळही अलीकडे घेतली होती. आम्ही गाडीतच सुरू केली. अर्ध्यावर इमारतीचा पठाण वॉचमन काचेशी वाकला, तीन आवाज आणि दोनच माणसं पाहून म्हणाला, “सब खैर?” बायकोने मान हलवली. तो बराच वेळ गाडीपाशी थांबला, मला वाटतं आदराने.

पावणेपाचला मुलगी खाली आली. या वेळी चपला घालून.

“काय विचारलं?” मी म्हणालो.

“बस कंपनीकडे कम्प्लेंट. बॅग हरवली.”

“मग?”

“भांडले.”

“मराठीत?”

“नो पप्पा. इन माल्टीज.”

टॅबमधून आई म्हणाली, “पावती होती का?”

निकाल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. चारही भागांत पातळी गाठली होती, बोलण्यात तर एक पायरी वर. शेरा होता: ‘उमेदवार ठामपणे युक्तिवाद करते. बोलीतली शब्दसंपत्ती समृद्ध. काही वेळा परीक्षकाला आज्ञा देते.’ लेखनाच्या भागावर, जो चर्चच्या मराठीत झाला होता, शेरा होता: ‘भाषा अत्यंत आदरयुक्त.’ सहा क्रेडिट जमा झाले. विद्यापीठाचं पत्र एकोणतीस डिसेंबरला हातात आलं. मी फ्रिजवरच्या तक्त्याशी गेलो, खरवडलेला चौकोन पुन्हा हिरवा केला आणि या वेळी खाली पत्राचा क्रमांक लिहिला. मग दारावरची चौकट पलंगाखालून काढून जागेवर लावली. मसाल्याचे डबे बायकोने आधीच सरळ केले होते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी मुलीला अल ऐनला सोडायला निघालो. सामान चार बॅगा, एक प्रेशर कुकर आणि एक नवा टॅब, स्वस्तातलाच. बायकोला ड्युटी होती, ती खालूनच हात हलवून गेली. अंधार पडताना आम्ही हायवेला होतो. सात वाजले आणि मुलीच्या मांडीवरच्या टॅबने पहिल्या रिंगला फोन उचलला.

जपमाळ झाली. मग मुलगी माझ्या आईला सांगू लागली, नवी खोली कशी असेल, बरोबरची मुलगी केरळची आहे, हॉस्पिटलात सकाळी सातला जायचं, पेशंटला काय खायला द्यायचं आणि काय नाही. आई म्हणाली, “पेज दे सगळ्यांना.” मुलगी म्हणाली, “अगं, मधुमेहवाल्यांना पेज कशी देऊ?” त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मी सवयीने मोजायला लागलो. दोनशे बारापर्यंत आलो होतो, एकही इंग्रजी नाही. तेवढ्यात समोर रडार दिसला, वेग कमी करावा लागला आणि मोजणी सुटली. पुन्हा एकपासून सुरू केली.

“पप्पा,” मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “यू मिस्ड द एक्झिट.”

पुढचा यू-टर्न नऊ किलोमीटरवर होता. मी तो घेतला, आणि परत येताना उजव्या, म्हणजे इथल्या संथ लेनमधून हळू आलो.